कालव्याच्या टेलपर्यंत

बाळंतिणीच्या घरात दोन म्हातारे पुरुष म्हणजे दोन जादा खुर्च्या. कुणी बसत नाही आणि येता-जाता पायात येतात. फ्रान्समधल्या तुलूझला लेकीच्या दोन खोल्यांच्या घरात हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं. लेक आणि जावई दोघंही तिथल्या विमान कारखान्यात नोकरीला. नातू झाला म्हणून आमची ही आणि विहीणबाई, दोघींनी घराचा ताबा घेतलेला. डिंकाचे लाडू, ओव्याची धुरी, त्या धुरीने दोनदा वाजलेला आगीचा भोंगा, असं सगळं चाललेलं. आम्ही दोघे व्याही बाल्कनीत.

एका सकाळी लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि मामा सायकलवर फिरून या ना कुठंतरी." हे 'कुठंतरी' म्हणजे सात दिवसांची सहल निघाली. तुलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंत, कनाल द्यु मिदी नावाच्या कालव्याच्या काठाकाठाने, गाइडसकट. पैसे भरून झालेले होते. आकडा मी विचारला नाही. कळला असता तर सातही रात्री झोप लागली नसती.

आता आमच्या दोघांचं थोडं सांगायला हवं. मी पाटबंधाऱ्यात चौतीस वर्षं काढली आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. व्याही सांगोला तालुक्यातले. डाळिंबाची बाग, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पायी पंढरपूर. आणि त्यांचं शिवार कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला; पाणी सुटतं ते हेड दुसऱ्या टोकाला. सोयरीक ठरवायच्या बैठकीत त्यांनी मला पहिला प्रश्न मुलीच्या शिक्षणाचा विचारला नव्हता. "पाव्हणं, आवर्तन हेडला सोडल्यालं टेलला किती दिसांनी पोचतं, तुमच्या पुस्तकात?" असं विचारलं होतं. आवर्तन म्हणजे ठरल्या वेळी कालव्यात सोडायचं पाणी. पुस्तकातलं उत्तर मी दिलं. ते नुसते हसले. गेली सहा वर्षं आमच्यात हा विषय ठसठसतोय.

सायकली कालव्याजवळच्या एका शेडमध्ये मिळाल्या. गाइड म्हणजे तिशीतली एक उंच बाई, इकडचीच. बाकी मंडळी: सत्तरी ओलांडलेल्या दोन डच बहिणी, कॅनडाचं एक जोडपं आणि बेल्जियमचे बाप-लेक. सामान एका व्हॅनमधून पुढच्या मुक्कामाला जाणार. गाइडने एकेकाला सीटवर बसवलं, टाच पेडलवर ठेवून पाय सरळ होतो का ते पाहिलं आणि सीट वर-खाली केली. माझी सीट तिने चांगली चार बोटं वर नेली. मी आयुष्यभर चुकीच्या उंचीवर बसलो होतो.

मी मोटारवाली सायकल घेतली. व्याह्यांनी साधी. "रोज मळ्यावर कशानं जातो मी?" हेल्मेट सक्तीचं नव्हतं, पण गाइडने आग्रह धरला. व्याह्यांनी टोपी काढली नाही, तिच्यावरच हेल्मेट चढवलं. पुढचे सात दिवस कानांवर पांढऱ्या टोपीची किनार आणि वर निळं हेल्मेट अशी त्यांची मूर्ती होती. सायकलीची गादीवाली चड्डी मात्र त्यांनी सरळ नाकारली आणि लेंग्याच्या पायाला रबर लावलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ती चड्डी मिळंल का अजून?"

तुलूझमधून बाहेर पडलो की डांबरी पट्टा आहे, कालव्याला चिकटून. पूर्वी घोडे नावा ओढत चालायचे, तीच ही वाट. उताराचा प्रश्नच नाही, कालव्याला उतार असतो तरी किती? म्हटलं, लोण्यासारखा प्रवास. मग वारा सुटला. ओतां म्हणतात त्याला, आग्नेयेकडून येतो, आणि आम्ही निघालो होतो आग्नेयेकडेच. गाइड म्हणाली, हा वारा फार दिवस चालला की माणसं वेडी होतात असं इकडे म्हणतात. मी बटण दाबून मोटार सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवली आणि डच बहिणींना घंटी वाजवून मागं टाकलं.

चाळीसाव्या किलोमीटरला बॅटरी संपली.

मोटारवाली सायकल बॅटरीशिवाय काय असते ते कुणी सांगत नाही. पंचवीसेक किलोचं धूड. शेवटचे पाच-सहा किलोमीटर मी ते वाऱ्याच्या विरुद्ध रेटले. डच बहिणी घंटी न वाजवता पुढे गेल्या, हे त्यांचं सौजन्य. व्याही माझ्या पुढे चाकाला चाक लावून चालले होते, वारा अडवायला. मागं न बघता म्हणाले, "पाव्हणं, हेडलाच समदं सोडलं की टेलला काय राहणार?"

रात्री गाइडने नकाशा टेबलावर पसरला तेव्हा दुसऱ्या दिवशी ३० किलोमीटरसुद्धा नाहीत हे पाहून मी देवाला हात जोडले. पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा दिवस तोच होता. व्हॅनने आम्हाला आधी सें-फेरेओलच्या धरणावर नेलं. बांधकाम १६६७ ते १६७२. इतकं जुनं धरण, आणि ह्या कालव्याला अजून तिथून पाणी येतं. साठा ६३ लाख घनमीटर. मी मनात टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, केला: पाव टीएमसीलाही कमी. आपलं भाटघर साडेतेवीस टीएमसी. भाटघरच्या शंभराव्या हिश्श्यावर ह्यांनी २४० किलोमीटरचा कालवा चालवला! अर्थात तो शेतीसाठी खणलेला नव्हता, नावांसाठी होता. नाव पाणी पीत नाही. एका लॉकमधून, म्हणजे नाव चढवा-उतरवायच्या दारबंद टाकीतून, खाली सोडलेलं पाणी पुढच्या टप्प्याला उपयोगी पडतं. शेतीला पाणी आता देतात, पण तो नंतरचा संसार.

तिथून नोरूझच्या खिंडीत आलो. समुद्रसपाटीपासून १८९ मीटर, कालव्याचा सर्वांत उंच भाग. डोंगरातून आणलेलं पाणी इथं कालव्यात पडतं आणि दुभंगतं. अर्धं अटलांटिककडे, अर्धं भूमध्य समुद्राकडे. जुन्या खात्यातल्या माणसाने हे पाहिलं की त्याला गहिवरून येणारच. ज्या माणसाने हे जुळवलं तो पिएर-पोल रिके मात्र इंजिनिअर नव्हता, मिठाचा कर गोळा करणारा अधिकारी होता, हे मला जरा खटकलं. चौदाव्या लुईने १६६६ साली मंजुरी दिली, रिकेने स्वतःचाही पैसा ओतला, आणि १६८० च्या ऑक्टोबरात तो गेला. कालवा उघडला १६८१ च्या मे महिन्यात. सात-आठ महिने कमी पडले. व्याह्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हित हेड मधीच हाय म्हणा की. दोन टेल."

लॉकबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय हा कालवा समजत नाही. तुलूझपासून समुद्रापर्यंत अशी ६३ ठिकाणं आहेत. फ्रेंच लोक एक्लूज म्हणतात. दगडी टाकी, दोन्ही तोंडांना लाकडी-लोखंडी दारं. ही टाकी चौकोनी नाही, लंबगोल आहे, मधे फुगलेली. सुरुवातीला सरळ भिंती बांधल्या होत्या, त्या मातीच्या दाबाने कोसळल्या. मग रिकेने भिंती कमानीसारख्या वळवल्या. कमान आडवी झोपवली की ती मातीला पेलते. आमच्या शिक्षणात हे एका आकृतीत होतं, इथं ते हात लावून पाहता आलं.

कास्तेलनोदारीच्या अलीकडे एका लॉकवर आम्ही डबा खायला बसलो होतो. भाड्याची नाव घेऊन एक कुटुंब आलं. नाव टाकीत शिरली, मागची दारं बंद झाली, लॉकवाल्याने बटण दाबलं, पुढच्या दारातली छोटी झडपं उघडली आणि पाणी उतरायला लागलं. काठावरच्या खुंट्याला दोर गुंडाळून बाईने हातात धरायचा आणि नाव खाली जाईल तसा सैल सोडत जायचा, एवढंच काम. तिने गाठ मारली. पाणी उतरत गेलं, नाव दोराला लटकली, एका बाजूने वर उचलली गेली, आतून भांडी पडल्याचा आवाज. लॉकवाला ओरडला. त्याने झडपं बंद केली, टाकीत पुन्हा पाणी घेतलं, नाव तरंगली, गाठ सुटली. सगळं मिळून तीन मिनिटं. व्याही म्हणाले, "ह्यो पाटकरी चांगला हाय. जाग्यावर असतो." हा टोला कुणाला होता ते मला कळलं.

कास्तेलनोदारीची कीर्ती कासूलेसाठी. मातीच्या पसरट भांड्यात पांढरा घेवडा, बदक, डुकराचं मांस, सॉसेज, तासन्‌तास शिजवलेलं. आमच्या माळकऱ्याचं काय? गाइडने आधी कळवलं होतं. आचाऱ्याने नुसता घेवडा लसूण-टोमॅटोत वेगळा शिजवून दिला, पण वाढप्याच्या चेहऱ्यावर सुतक. व्याह्यांनी खिशातून पुडी काढली, सोलापूरची शेंगाचटणी घेवड्यावर भुरभुरली आणि वाढप्यालाही बोटभर दिली. तो आत गेला आणि आचाऱ्याला घेऊन बाहेर आला. पुडी तिथंच राहिली.

कार्कासोनबद्दल फार लिहीत नाही. तटबंदीचं जुनं शहर आहे, बावन्न बुरूज आहेत, गर्दी आहे, आणि त्यातलं बरंचसं एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधलेलं आहे. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. रिकेने कालवा गावातून न्यायला पैसे मागितले तेव्हा गावकऱ्यांनी हात वर केले, म्हणून कालवा बाहेरून गेला. मग पस्तावले आणि १८१० साली तो गावाजवळ आणला. अशा ठरावांच्या फायली मी पाहिलेल्या आहेत.

चौथा दिवस वाईट उजाडला. रात्रभर पाऊस झालेला. डांबरी पट्टा कधीच मागं सुटला होता. आता कालव्याच्या बांधावरची मातीची पायवाट, आणि तिच्यातून मांडीएवढी जाड मुळं आडवी गेलेली. गाइडने बजावलं होतं, मुळावरून तिरकं जाऊ नका, काटकोनात जा. मी तिरका गेलो. चाक घसरलं, आणि मी अगदी सावकाश, जणू विचार करून, उजव्या बाजूला झोपलो. डाव्या बाजूला कालवा होता, हे भाग्य. गुडघा सोलवटला. गाइडने पाण्याने धुऊन पट्टी बांधली. संध्याकाळी फोनवर हिने विचारलं, "अहो, आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, वारा आहे.

ती मुळं प्लातान नावाच्या झाडांची. एकोणिसाव्या शतकात दोन्ही काठांवर लावलेली, कालव्यावर मांडव घातल्यासारखी. मुळांनी बांध धरायचा, सावलीने बाष्पीभवन कमी करायचं. अशी ४२,००० झाडं होती. होती म्हणायचं, कारण त्रेब गावाच्या आसपास आम्ही पोचलो आणि मांडवच संपला. दोन्ही बाजूंना बुंधे, मधे हातभर उंचीची नवी रोपं, आणि वर उघडं आभाळ. कर्ज काढून लग्न केलेल्या घरासमोरचा मांडव दुसऱ्या दिवशी दिसतो तसं.

गाइडने सगळ्यांना थांबवलं आणि सांगायला सुरुवात केली. बुरशीचा रोग आहे, २००६ साली कालव्यावर पहिल्यांदा दिसला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या लाकडी पेट्यांतून तो फ्रान्समध्ये आला असं मानतात. झाड आतून वाळतं, औषध नाही. मुळांमुळांतून शेजारच्या झाडाला लागतो, पाण्यातून जातो, नावा घासल्या की जखमेतून जातो. झाड तोडून तिथल्या तिथं जाळायचं, आजूबाजूची निरोगी दिसणारीही तोडायची. मी व्याह्यांना भाषांतर करून सांगत होतो, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते सायकल आडवी टाकून एका ताज्या बुंध्यापाशी उकिडवे बसले होते. कापलेल्या लाकडावर करड्या-काळ्या रंगाचे फाटे उठले होते, शाई सांडल्यासारखे. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"ही मर हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, अहो, ते डाळिंबाचं. हे निराळं झाड.

"तिला नाव विचारा रोगाचं."

गाइडने सांगितलं, सेरातोसिस्तिस. व्याही ताडकन उठले. "सेराटोसिस्टिस! सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्रात कितींदा ऐकलं ह्ये. माझी चारशे झाडं ह्यानंच गेली."

गाइड थक्क. मी इंटरनेटवर पाहिलं. ही बुरशी वेगळ्या जातीची, पण कूळ तेच. डाळिंबाच्या मर रोगातली तिची सख्खी चुलत बहीण. पुढचा अर्धा तास मी नुसता दुभाषा होतो. मर लागलेलं झाड उपटल्यावर खड्डा किती दिवस उघडा ठेवायचा, अवजारं कशानं धुवायची, पाटाचं पाणी रोगट झाडाच्या बुंध्यावरून निरोगी झाडाकडे का जाऊ द्यायचं नाही. ती म्हणाली, इथंही झाडं तोडणारी यंत्रं बाहेर काढताना धुतात. नवीन काय लावता? एकच जात लावत नाही, ती म्हणाली, ओकच्या एका प्रकारावर भर आहे, बाकी मिसळ. व्याह्यांनी मान हलवली. "आमी एकच लावली. समद्या तालुक्यानं एकच लावली." मग ते गप्प झाले. त्या दिवशी पुढचे पंधरा-वीस किलोमीटर ते सगळ्यांच्या मागे होते आणि प्रत्येक बुंध्यापाशी त्यांचा वेग कमी होत होता.

पाचव्या दिवशी पाठीमागून वारा. ह्या वाऱ्याचं नाव सेर्स, वायव्येकडून येतो, आणि तो मागे असला की सायकल आपोआप पळते. मोटार मी बंदच ठेवली. दोन्हीकडे द्राक्षांचे मळे, सप्टेंबरची तोडणी चाललेली, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सांडलेला रस, त्यावर गांधीलमाश्या. इथं कालवा ५४ किलोमीटर एकाही लॉकशिवाय जातो. इंजिनिअर नसलेल्यांना ह्यात काय विशेष ते पटवणं अवघड आहे. पण सतराव्या शतकातल्या उपकरणांनी एकच समपातळी टेकड्यांना वळसे घालत ५४ किलोमीटर धरून ठेवायची, हे काम मी स्वतःला दिलं असतं तर निद्रानाश झाला असता. रेप्यूद्र नावाच्या ओढ्यावर तर कालवाच पुलावरून नेला आहे, १६७६ सालचा जलसेतू. खाली ओढा, वर नाव. मी तिथं उतरून दगडांच्या सांध्यांतून गळती आहे का ते पाहिलं. सवय जात नाही.

सहाव्या दिवशी मालपाचा बोगदा. टेकडी ठिसूळ, काम थांबवा म्हणून वरून दबाव, तरी रिकेने १६५ मीटरचा बोगदा पाडला. कालव्यासाठी पाडलेला जगातला हा पहिला बोगदा म्हणतात. सायकली खाली लावून आम्ही आंसेरूनच्या टेकडीवर चढलो, आणि तिथून मोंतादी दिसलं.

कसं सांगू? खाली सपाट जमिनीवर बैलगाडीचं प्रचंड चाक आडवं टाकल्यासारखं. मधे तुंबा, तिथून सगळीकडे आरे, प्रत्येक दोन आऱ्यांमध्ये शेताचा निमुळता तुकडा, कुठं गहू कापलेला, कुठं द्राक्षं, कुठं काळी नांगरट. पूर्वी तिथं दलदलीचं तळं होतं. १२४७ साली ते कोरडं करायला सुरुवात झाली. प्रत्येक आरा म्हणजे चर, सगळे चर पाणी मधोमध आणतात, आणि तिथून ते टेकडीच्या पोटातून सुमारे तेराशे मीटरच्या भुयारातून पलीकडे निघून जातं. भुयार मालपाच्या बोगद्याच्याही खालून जातं, आणि दोन्हींच्या मधून रेल्वे.

व्याह्यांनी मला ते दोनदा समजावून सांगायला लावलं. पाणी बाहेरून आत? द्यायचं नाही, काढायचं? मग प्रत्येकाच्या वाट्याला चराचं सारखंच तोंड? मी हो म्हटलं. ते कठड्याला टेकून उभे राहिले. "म्हंजे टेल मधी आणि सगळ्यांचं एकच. बरोबर केलं. आपल्याकडं असतं तर मधल्या तुकड्यावर कुणाचं नाव लागलं असतं ते मी सांगू का?" मी म्हटलं, नको.

फोंसेरानला आठ टाक्यांचा जिना आहे, तीनशे मीटरमध्ये साडेएकवीस मीटर उतार. त्याच्या कडेने सायकल ब्रेक धरून उतरलो आणि बेझिए गाठलं. शेवटच्या सकाळी आग्दचं गोल लॉक, तीन दिशांना तीन दारं असलेलं, दहा मिनिटं पाहिलं. मला तिथं अर्धा दिवस थांबायचं होतं. कॅनडाच्या जोडप्याला समुद्रात पोहायचं होतं. बहुमत त्यांचं.

मग झाडं संपली, हवेला खारा वास आला, दोन्ही बाजूंना पाणथळ, आणि कालवा एका लहानशा दीपस्तंभापाशी थेट खाजणात मिसळला. समोर 'तो' नावाचं विस्तीर्ण तळं, त्यात कालवं म्हणजे शिंपल्यांच्या शेतीच्या चौकटींच्या रांगा, पलीकडे सेतची टेकडी. डच बहिणींनी एकमेकींचे फोटो काढले. बेल्जियमच्या मुलाने सायकल डोक्यावर उचलली. मी चौतीस वर्षांत कुठलाच कालवा हेडपासून टेलपर्यंत पाहिला नव्हता. पाहिला तो जीपमधून, आपल्या सेक्शनपुरता.

व्याह्यांनी सायकल भिंतीला लावली, हेल्मेट काढलं, टोपी नीट केली आणि दगडी धक्क्याच्या पायऱ्या उतरून अगदी कडेला गेले. काठोकाठ पाणी होतं. त्यांनी ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि थोडं तोंडात घेतलं.

मी वरून विचारलं, "काय म्हणतंय?"

"टेलला पाणी हाय, पाव्हणं," ते थुंकत म्हणाले, "पण खारट."